दौलतजादा म्हणजे दौलतीचा पोरगा नव्हे

तमाशात उधळलेल्या पैशाला दौलतजादा म्हणतात. त्यावर एकानं लिहिलंय की हा शब्द शहजादासारखाच, दौलतीत जन्मलेला, म्हणून उधळ्या. पटतंय ऐकायला, पण तसं नाही राव. शहजाद्यातला जादा फारसी 'ज़ादा', म्हणजे जन्मलेला. दौलतजाद्यातला मूळचा अरबी 'ज़ियादा', म्हणजे जास्त, वाढ, तोच आपला साधा जादा, जोतिबाच्या यात्रेला एस्टी जादा गाड्या सोडते त्यातला. म्हणजे 'दौलत वाढो' असा तो आशीर्वादच, तमाशात कुणी पैसे दिले की फडातनं त्याच्या नावानं पुकारा व्हायचा, आणि मग हळूहळू त्या उधळलेल्या पैशालाच दौलतजादा म्हणायला लागले. गंमत बघा, देणाऱ्याचा खिसा रिकामा होतोय आणि वरनं आशीर्वाद काय तर दौलत वाढो!

आमच्या कोल्हापुरात गुलाल-खोबरं उधळतात त्याला कोण उधळपट्टी म्हणत नाही, ते देवाचं. पण पगार झाला त्याच दिवशी मी नवीन मोबाईल आणला तर आज्जी दारातच, "काय रं, दौलतजादा चाललाय व्हय?" तिनं तमाशा कधी बघितलेला नाही हां, शब्द मात्र बरोबर जागी बसवला. आणि मोबाईल हप्त्यावरचा आहे हे तिला अजून सांगितलेलं नाही.