डुंबाला मिनेसोटाने सोडलं ते पोलिसांबद्दल बोलला म्हणून? घरात वाद पेटलाय

मोटरमनकाका, हर्णै

मंडळी, आपली टर्फवरची हॉकी नव्हे, बर्फावरची. एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडाची लीग. बघणारे थोडे आहेत हे ठाऊक आहे, पण जे आहेत ते कडवे आहेत, म्हणून विचारतो.

माझी सगळी नोकरी जहाजाच्या इंजिन रूममध्ये गेली. थंडीत कॅनडातल्या हॅलिफॅक्सला लागलो की खलाशांच्या क्लबात टीव्हीवर हॉकी आणि फक्त हॉकी. तिथे लागलेलं व्यसन घरी आलो तरी सुटलं नाही. मिनेसोटा वाइल्ड हा माझा संघ, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचा. त्याचा घरचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाच-साडेसहाला सुरू होतो. त्या वेळी खाली बंदरावर लाद्या फोडायचं काम चालू असतं आणि वर मी टीव्हीसमोर, म्हणजे बर्फ दोन्हीकडे.

पुतण्या दापोलीला कॉलेजात आहे. त्याचं ठाम मत, मॅट डुंबाला वाइल्डने 2023 मध्ये सोडलं ते त्याने 2020 मध्ये तोंड उघडलं म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डुंबा कॅनडाचा, आई फिलिपिनो. 25 मे 2020 ला मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा ठेवून त्याला ठार मारलं, आणि डुंबा त्याच राज्याच्या संघाचा. 1 ऑगस्टला एडमंटनच्या रिकाम्या स्टेडियममध्ये, सामना दुसऱ्याच दोन संघांचा, हा मध्यभागी उभा राहून वर्णद्वेषावर बोलला आणि अमेरिकेच्या राष्ट्रगीताला निषेध म्हणून गुडघ्यावर बसला. डार्नेल नर्स आणि माल्कम सुबान, दोघे कृष्णवर्णीय खेळाडू, त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मी तो सामना बघितलाय. अंगावर काटा आला होता हे कबूल.

पण सोडलं ते पैशामुळे, आणि हे मी शपथेवर सांगतो. वाइल्डने 2012 मध्ये पारिसे आणि सूटर या दोघांना प्रत्येकी 13 वर्षांचा, 9 कोटी 80 लाख डॉलरचा करार देऊन ठेवला होता. 2021 मध्ये दोघांना पैसे देऊन मोकळं केलं. पण तिथे सॅलरी कॅप असते, म्हणजे संघाने खेळाडूंवर वर्षाला किती खर्च करायचा याची मर्यादा, आणि मोकळं केलेल्या खेळाडूचा बोजा पुढची कित्येक वर्षं हिशोबात धरावा लागतो. 2023-24 ला कॅप 8 कोटी 35 लाख डॉलर, त्यातले सुमारे 1 कोटी 47 लाख या दोघांच्या नावे बाद. रुपयातले जवळपास अठरा पैसे संघात नसलेल्या माणसांवर! डुंबा वर्षाला 60 लाख डॉलरचा. 2018 च्या डिसेंबरात मारामारीत छातीचा स्नायू फाटला, त्याआधी 32 सामन्यांत 12 गोल होते, नंतर तो डुंबा परत दिसला नाही. शेवटच्या हंगामात 79 सामन्यांत 14 गुण, म्हणजे गोल आणि गोलला केलेली मदत मिळून. आणि त्याच जागेवर ब्रॉक फेबर, मिनेसोटाचाच पोरगा, सहाव्या हिश्शाच्या पैशात. तुम्ही मॅनेजर असता तर काय केलं असतं?

इथवर ठीक. पण परवा एका जुन्या शिपमेटला हे सांगितलं तर तो म्हणतो, "बघ, म्हणजे पोलिसांचं ते सगळं थोतांडच होतं." अरे, हे कुठून आलं? डुंबाला पैशापायी सोडलं म्हणून तो बोलला ते खोटं कसं ठरतं?

एका बंदरात (नाव सांगत नाही) मी आणि आमचा घानाचा ऑइलर (इंजिनाला तेलपाणी करणारा) रात्री फोनचं कार्ड घ्यायला बाहेर पडलो होतो. दोघांच्या अंगावर कंपनीचं एकच जॅकेट, दोघांकडे एकसारखाच शोअर पास, म्हणजे बंदराबाहेर पडायचा परवाना. पोलिसांची गाडी थांबली. त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, पास उलटसुलट बघितला, खिसे रिकामे करायला लावले. मला विचारलं, "हा तुला त्रास देतोय का?" मी त्यांच्या लेखी गोरा थोडाच होतो, पण त्याच्याइतका काळा नव्हतो, एवढ्यावर भागलं.

तर प्रश्न असा. संघातून कोणाला काढलं आणि पोलीस कोणाला अडवतात, हे दोन हिशोब लोक एकातच का धरतात?

बाबलो, सावंतवाडी

काका, आधी माका वाटला आपल्या श्रीजेशबद्दल काय तरी आसा. ह्या तर भलताच निघाला. माझा मत सरळ आसा. खेळ बघूचो आणि गप रवाचा. पोलीस खय, हॉकी खय? खेळाडून तोंड उघडल्यान तर गोल वाढतत काय?

दापोलीचा पुतण्या

काका, घरातलं भांडण गावभर केलंत. ठीक आहे, मग मीही इथेच बोलतो.

तुम्ही घरी नेहमी म्हणता, "काढायचंच असतं तर 2020 लाच काढला असता, तीन हंगाम कशाला ठेवला?" हा मुद्दा इथे लिहिला नाहीत, कारण तो लंगडा आहे हे तुम्हालाही कळतं. त्याचा करार 2018 चा, पाच वर्षांचा. संपला तेव्हा सोडला. बोललेल्या माणसाला कोणी दुसऱ्या दिवशी काढत नाही, करार संपू देतात आणि फोन करत नाहीत.

दुसरं. फक्त डुंबाकडे बघून संघनिवड स्वच्छ होती असं म्हणणं मला पटत नाही. विली ओ'री 18 जानेवारी 1958 ला बोस्टनकडून खेळला, एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय. दुसरा कधी आला? 1974 ला, माइक मार्सन. सोळा वर्षं! मधल्या काळात खेळणारे नव्हते असं नाही. हर्ब कार्नेगीसारखा माणूस 1940 च्या दशकात क्युबेकच्या लीग गाजवत होता, त्याला एनएचएलची दारं उघडलीच नाहीत. तुमच्या लाडक्या हॅलिफॅक्समध्ये तर 1895 पासून कृष्णवर्णीयांची स्वतःची हॉकी लीग होती, चर्चच्या लोकांनी काढलेली. क्लबातल्या टीव्हीवर हे कधी दाखवलं होतं का?

मोटरमनकाका, हर्णै

लंगडा मुद्दा मी लिहिला नाही कारण माझ्याकडे दोन पायांचा आहे. जुलै 2021. सिएटलचा नवा संघ आला, व्हेगास सोडून बाकी प्रत्येक संघातून एक खेळाडू त्यांना उचलायची मुभा. वाइल्डला ठरावीकच खेळाडू राखता येणार होते. डुंबा नकोच असता तर त्याला उघडा टाकायचा, सिएटलने नेला तर 60 लाखांचा भारही उतरला, आणि कोणी बोट दाखवलं नसतं. त्यांनी डुंबाला राखला आणि कार्सन सूसी गमावला. म्हणजे गुडघ्यावर बसल्याला वर्ष होत आलं तरी त्यांना तो हवाच होता. याला उत्तर दे.

ओ'री आणि मार्सनचं मान्य. त्यात वाद नाहीच.

दापोलीचा पुतण्या

सूसीचा मुद्दा बघून येतो. जरा वेळ द्या.

वकीलबाई, अलिबाग

काका-पुतण्याचं होऊ दे सावकाश. मी दुसऱ्या हिशोबाकडे येते, कारण "पोलिसांचं थोतांड" म्हणणारे मला कामात रोज भेटतात.

काका, तुमच्या हॅलिफॅक्सचंच घ्या. 1998 मध्ये कर्क जॉन्सन नावाचा बॉक्सर, तिथलाच, नात्यातल्या माणसाबरोबर गाडीतून चालला होता. गाडीला टेक्सासची नंबरप्लेट, कारण तो सराव तिकडे करायचा. पोलिसांनी अडवलं, कागद दाखवले तरी गाडी जप्त केली, आणि दुसऱ्या दिवशी परत दिली, कारण कागद ठीकच होते. तो मानवाधिकार मंडळाकडे गेला. 2003 च्या निकालात मंडळाने म्हटलं की इथे वर्णावरून भेदभाव झाला. म्हणजे खेळाडू आणि पोलीस यांचा संबंध काय, असं विचारणाऱ्या बाबलोदादांना हे एक उत्तर. तो बोलायला गेला नव्हता, नुसता रस्त्याने चालला होता.

पुढे 2019 मध्ये टोरंटो विद्यापीठाच्या स्कॉट वॉर्टली यांनी हॅलिफॅक्स पोलिसांच्याच नोंदी तपासल्या. रस्त्यात थांबवून नाव-गाव टिपून घेण्याचा जो प्रकार होता, त्यात कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे सहापट निघालं. त्याच वर्षी तो प्रकार बेकायदेशीर असल्याचं मत आलं, नोव्हा स्कोशियात, म्हणजे हॅलिफॅक्सच्या प्रांतात, त्यावर बंदी घातली गेली आणि पोलीसप्रमुखांनी जाहीर माफी मागितली.

यावर नेहमीचा प्रतिवाद असतो की "ते लोक गुन्हेच जास्त करत असतील." त्याला स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी फार हुशारीने गाठलंय. त्यांनी अमेरिकेतल्या जवळपास 10 कोटी वाहन-तपासण्यांच्या नोंदी घेतल्या आणि पाहिलं की अंधारात काय होतं. हर्णैचं उदाहरण देते. संध्याकाळचे पावणेसात. जूनमध्ये लख्ख दिसतं, डिसेंबरात काळोख. घड्याळ तेच, रस्ता तोच, घरी परतणारे लोकही साधारण तेच. फरक एवढाच की काळोखात चालकाचा रंग पोलिसाला लांबून दिसत नाही. आणि काळोख पडला की अडवलेल्यांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण घटतं. रंग न बघता अडवत असते तर ते का घटावं? 2020 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

वाइल्डचं मैदान सेंट पॉलला आहे ना? त्याच्या शेजारच्या फाल्कन हाइट्समध्ये 6 जुलै 2016 ला फिलँडो कॅस्टिलला पोलिसाने गाडीतच गोळ्या घातल्या. सेंट पॉलच्या एका शाळेत मुलांना जेवण वाढणारा माणूस. त्याआधीच्या वर्षांत त्याला किरकोळ कारणांवरून चाळीसहून अधिक वेळा अडवलं होतं. गोळ्या घालणारा पोलीस 2017 ला निर्दोष सुटला. डुंबा तेव्हा वाइल्डकडून खेळत होता. 2020 ला तो हवेतून बोलला नाही.

बाबलो, सावंतवाडी

वकीलबाय, काळोखाचा ता माका पटला. पण ह्या सगळा तकडचा. आपल्याकडे गोरो-काळो असा काय नाय.

मास्तर, माणगाव

बाबलोदादा, 2021 चं टोकियो ऑलिंपिक आठवतं? वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले, ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्ट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. चारच दिवसांनी उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून 1-2 हरलो. तर हरिद्वारजवळ रोशनाबादला तिच्या घरासमोर काही जणांनी फटाके फोडले आणि जातीवरून शिव्या दिल्या, संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो असं म्हणत. ही संघनिवडीची चर्चाच होती म्हणायची! गुन्हा दाखल झाला, अटक झाली, तेवढं बरं.

आता पोलिसांचं. पारध्यांसारख्या जमातींवर इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. कायदा 1952 ला गेला, नजर गेली नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावं लागलं की विमुक्त जमातीच्या माणसाला उगाच उचलू नका. यावरून ओळखा.

आणि काका, तुमचे दोन हिशोब. आमच्या शाळेत कातकरी वाडीवरची मुलं हॉकी खेळतात. कवायतीचं मैदान आहे, पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा, पण खेळतात. त्यात नववीतला एक पोरगा, डावीकडून असा सुटतो की मोठ्या शाळांची मुलं नुसती बघत राहतात. जिल्ह्याच्या निवड चाचणीच्या आदल्या संध्याकाळी गावात एका बागायतदाराचा पंप चोरीला गेला. पोलीस गाडी घेऊन थेट वाडीवर. याला आणि याच्या चुलतभावाला उचललं, सकाळी उशिरा सोडलं. पंप नंतर दुसरीकडेच सापडला. निवड समितीवर माझा काडीचाही आरोप नाही, त्यांनी जे खेळले त्यांतले चांगले निवडले. याच्या नावापुढे "गैरहजर" लिहिलंय. कागद बघाल तर निवड अगदी स्वच्छ.

वकीलबाई, अलिबाग

मास्तर, नववीतला म्हणजे अठराच्या आतलाच. बाल न्याय कायद्याप्रमाणे मुलाला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, मुलांसाठीच्या विशेष पोलीस पथकाकडे किंवा नेमलेल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवावं लागतं. रात्रभर ठेवलं तर त्याची नोंद केली का? स्टेशन डायरीतल्या त्या रात्रीच्या नोंदीची प्रत मागा. नोंद नाही म्हणाले तर तेही लेखी घ्या. अर्ज मी लिहून देते, पैसे नकोत. पालकांची सही लागेल.

मास्तर, माणगाव

वडील वीटभट्टीवर गेलेत, शिमग्याला येतील. आई आहे. पण ती म्हणते, "अर्ज केला तर पुन्हा येतील." तिला काय सांगू ते तुम्हीच सांगा.

वकीलबाई, अलिबाग

फोनवर नको. शनिवारी मी येते. शाळेत भेटू, वाडीवर गाडी नको न्यायला.

दापोलीचा पुतण्या

काका, सूसीचं बघितलं. बरोबर आहे, डुंबाला राखला होता. तेवढ्यापुरतं तुमचं. पण मास्तरांनी जे लिहिलंय त्यानंतर दोन हिशोब वेगळे असं तुम्ही अजून म्हणणार का?

मोटरमनकाका, हर्णै

डुंबाच्या बाबतीत म्हणणार. वाइल्डने त्याला कॅपपायी सोडलं, यावरून मी हलत नाही. मास्तरांच्या पोराच्या बाबतीत नाही म्हणणार, तिथे समितीपर्यंत हिशोब पोचायच्या आधीच पोलिसांनी लावला.

मास्तर, पुढची चाचणी कधी आहे? पोराला आदल्या रात्रीच जिल्ह्याच्या ठिकाणी मुक्कामाला नेता येईल का, तुमच्या जबाबदारीवर, आईची चिठ्ठी घेऊन? राहण्याचा आणि एसटीचा खर्च माझा. आणि त्याच्याकडे स्वतःची स्टिक आहे की शाळेची वापरतो? उंची कळवा, मुंबईहून मागवतो.