व्हर्टस जीटी डीएसजी, रोजची गाडी: दीड लाखात आधी काय बसवू?

रंकाळा_जीटी (कोल्हापूर)

मंडळी, गाडी फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी, १.५ टीएसआय टर्बो पेट्रोल, डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२३ ची, ४१ हजार किलोमीटर झालेत. रोज कोल्हापूर ते कागल एमआयडीसी येऊन-जाऊन, आणि मधनं एखाद्या रविवारी गगनबावडा नाहीतर आंबोली. गाडीत घरचे पण असतात. आई मागं बसते, तिला कंबरेचा त्रास आहे, त्यामुळं रेसगाडी करायची नाही.

दीड लाख बाजूला काढलेत. डोक्यात आहे ते असं: स्टेज १ रीमॅप (ताकद वाढवायला ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदलणं), कोल्ड एअर इनटेक (इंजिनला हवा देणारा वेगळा फिल्टर-पाइप), मागचा एक्झॉस्ट, गाडी ३० एमएम खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग, १७ इंची अलॉय. एका ट्यूनरनं सगळ्याचं पॅकेज करून दिलंय, वर "इंटरकूलर (टर्बोतली गरम हवा थंड करणारा भाग) पण मोठा टाकून देतो" म्हणाला. वॉरंटी अजून शिल्लक आहे. आधी काय करू, नंतर काय, आणि कशाच्या वाटेलाच जाऊ नको? रील बघून सांगू नका, हात काळे केलेल्यांनीच सांगा की.

भोसरी_गॅरेज

माझं भोसरीत गॅरेज आहे, निम्म्याहून जास्त कामं स्कोडा-फोक्सवॅगनची. रीमॅप मी करत नाही. टायर आणि ब्रेकचं काम करतो. हे आधीच सांगतो, म्हणजे माझं बोलणं कुठल्या चष्म्यातून येतंय ते कळेल.

पहिला विषय गिअरबॉक्स. तुमच्याकडं डीक्यू२०० आहे, सात गिअरचा, कोरड्या क्लचचा. त्याची टॉर्कची, म्हणजे फिरवणाऱ्या जोराची, मर्यादा २५० न्यूटन-मीटर. तुमचं इंजिन किती देतं? २५०, तेही १६०० आरपीएमपासून ३५०० पर्यंत सलग. भांडं कंपनीतूनच काठोकाठ भरून आलंय. स्टेज १ वाले १८० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच माप) आणि ३०० च्या आसपास टॉर्क सांगतात. वरच्या आरपीएमला पीएस वाढले तर क्लचला फार फरक पडत नाही. त्याला मारतो तो खालचा टॉर्क, आणि कागलच्या रस्त्यावर ट्रकमागं तुम्ही नेमके तिथंच असता. स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ ला १८० पीएस होते, तरी टॉर्क २५० वरच बांधलेला होता, कारण गिअरबॉक्स हाच. युरोपात त्याच इंजिनाला फोर व्हील ड्राइव्हमध्ये ओल्या क्लचचा डीएसजी मिळाला, तिथं आकडा २८० झाला.

एक करून बघा. गाडी ट्रॅफिकमधून चांगली तापून आली की हलक्या चढावर उभी करा, ब्रेक सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका, नुसती सरकू द्या. मग अगदी हलका पाय. निघताना किंवा पहिल्यातून दुसऱ्यात जाताना सीटखाली थरथर आली, रिकाम्या कपहोल्डरमधली चावी खुळखुळली, तर क्लच आत्ताच वैतागलाय. मग रीमॅप विसरा आणि वॉरंटीत दाखवा.

इनटेक: कंपनीचा एअरबॉक्स पुढच्या जाळीमागून थंड हवाच ओढतो. उघडा कोन फिल्टर लावला की तो बॉनेटखालची गरम हवा ओढायला लागतो. फुस्स आवाज मात्र छान येतो. आवाजासाठी घेत असाल तर घ्या, माझी ना नाही. इंटरकूलरचं वाचून हसू आलं. या इंजिनाचा इंटरकूलर पाण्यानं थंड होतो, त्याचं पाण्याचं सर्किट वेगळं. जाळीमागं मोठा जोडून दिला, असं काम ते नाही. ज्यानं पॅकेज दिलंय त्याला म्हणावं, आधी आत्ताचा कुठं आहे तो बोट ठेवून दाखव.

स्प्रिंगबद्दल मी काय सांगू, आईची कंबर तुम्हीच लिहिलीय. जमिनीपासूनचा १७९ एमएम क्लिअरन्स कागदावर आणि रिकाम्या गाडीचा. पाच माणसं, डिकीत सामान, त्यातून ३० गेले की गावच्या वेशीवरचा प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका काढायचा.

आता पैसे कुठं घालायचे. टायर. अलॉय १६ चेच ठेवा. २०५/५५ आर१६ च्या टायरची भिंत साधारण ११३ एमएम असते, २२५/४५ आर१७ ची १०१. व्यास जवळपास तोच राहतो, पण खड्ड्यात रिम वाचवते ती हीच बारा एमएम. त्याच मापात काँटिनेंटल अल्ट्राकाँटॅक्ट किंवा मिशेलिन प्रायमसी घ्या. दुकानात टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५२४ म्हणजे २०२४ चा ३५ वा आठवडा. जुना माल पुढं करतात, लाजू नका, दुसरा मागा.

मग ब्रेक. डॉट ४ फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं आणि लवकर उकळायला लागतं. घाट उतरताना पेडल मऊ पडतं, त्यामागं बऱ्याचदा हेच असतं. २०२३ च्या गाडीचं अजून बदललं नसेल तर सगळ्यात आधी हेच काम. जोडीला पुढचे चांगले पॅड. मागच्या ड्रमच्या डिस्क करायच्या नादी लागू नका.

नाशिक_मॅन्युअल

काकांचं सगळं पटलं, पण रीमॅपला सरसकट नाही म्हणू नका. माझी स्कोडा स्लाविया १.५ मॅन्युअल, स्टेज १ केलीय. कसारा चढताना तिसऱ्यात जी ओढ लागते ती स्टॉकमध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगमध्ये, नव्हतीच. एक्सपी९५ हे जास्त ऑक्टेनचं पेट्रोलच टाकतो, साधं टाकलं की नॉकमुळं (इंधन अवेळी पेटल्यामुळं) ईसीयू स्पार्कचं टायमिंग मागं घेतो आणि दिलेले पैसे पाण्यात. स्टॉक फाइल परत टाकली की वॉरंटीवाल्यांना कळत नाही म्हणतात.

भोसरी_गॅरेज

मॅन्युअलचा विषय वेगळा. तिथं घसरला तर एक क्लच प्लेट घसरते आणि पायाला आधी कळतं. वॉरंटीचं मात्र कुणी सांगितलं माहीत नाही, पण ईसीयूत किती वेळा फ्लॅश झालंय त्याचा काउंटर असतो. सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनला तो जुळला नाही की गाडीवर टीडी१ चा, म्हणजे ट्यूनिंग केल्याचा, शिक्का बसतो. मग इंजिन-गिअरबॉक्सच्या क्लेमला हात जोडायचे.

सर्व्हेयर_सातारा

एक्झॉस्टबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ(४) मध्ये परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आवाज-प्रदूषणाचं कलम १९०(२) त्याहून वेगळं, तिथं १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये मूळ तपशिलाविरुद्धचे बदल चालणार नाहीत असं म्हटलंय. बुलेटच्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतानाचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) काढायला कुणी सांगितलं तर तिथून उठून या. अपघात झाला की आम्ही विम्याचे सर्व्हेयर गाडी खालून बघतो, आणि न कळवलेले बदल रिपोर्टमध्ये लिहावेच लागतात. मग कंपनी क्लेमवर वाद घालते.

रंकाळा_जीटी (कोल्हापूर)

चढाची टेस्ट केली. थरथर नाही, चावी गप्प. फ्लुइड कधीच बदललेलं नाही, सर्व्हिस बुकात नोंदच नाही. ट्यूनरला इंटरकूलर दाखव म्हणालो, तर "उद्या फोन करतो" म्हणाला. चार टायर, फ्लुइड आणि पुढचे पॅड ठरवलं. रीमॅपचं वॉरंटी संपल्यावर बघू, इच्छा काही मेलेली नाही. नवीन पॅड बसवल्यावर लगेच आंबोली केली तर चालेल ना?

भोसरी_गॅरेज

नाही. आधी पॅड डिस्कवर घासून नीट बसू द्या. सकाळी लवकर रिकामा रस्ता बघा, ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबानं आणा, पूर्ण थांबू नका, परत ६०. असं आठ-दहा वेळा. मग चार-पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा, डिस्कला वारा लागू द्या. तापलेल्या ब्रेकवर पेडल दाबून सिग्नलला उभं राहू नका, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि पुढं स्टीअरिंग थरथरतं. सुरुवातीला थोडा वास येईल, तो चालतो. आणि आंबोली उतरताना मॅन्युअलमध्ये दुसरा गिअर.