ठाणे खाडीतील लहान फ्लेमिंगोंची गणना: आकडे दर आठवड्याला इतके का बदलतात?

ऐरोलीकर:
ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या ऐरोलीकडील काठावरून आम्ही चौघे डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी सात वाजता लहान फ्लेमिंगोंची गणना करीत आहोत. एका रविवारी मोजता मोजता पुरेवाट होते, तर पुढच्याच रविवारी काही डझन पक्षीही दिसत नाहीत. ही जात जागतिक पातळीवर संकटसमीप मानली जात असल्याने, ही घट खरी आहे की आमची पद्धत चुकते आहे, हे समजून घ्यायचे आहे.

खाडीकाठ:
आपण वेळ घड्याळाची पाळलीत, पाण्याची नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते, म्हणजे सात दिवसांत जवळजवळ सहा तासांचा फरक पडतो. त्यामुळे एका रविवारी सात वाजता ओहोटी असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी भरती असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आपल्याकडे भरती दुपारी येते आणि सकाळी चिखल इतका दूरवर उघडा पडतो की पक्षी खाडीभर पांगतात. कोळीवाड्यात विचारले असतेत, तरी हे पहिल्याच दिवशी कळले असते. पाणी चढू लागले की पक्षी काठाकडे सरकतात. म्हणून भरतीपूर्वी ठरावीक तास आधी, दर वेळी त्याच अवस्थेत मोजावे.

सीवूड्सवासी:
एक भर घालतो. उधाणाच्या भरतीत चिखल बुडाला की बरेच पक्षी नेरुळच्या डीपीएस तलावावर येऊन थांबतात. २०१५ मध्ये घोषित झालेल्या अभयारण्याच्या हद्दीत हा तलाव येत नाही, पण पक्ष्यांना हद्द ठाऊक नसते. दोन्हीकडे एकाच वेळी माणसे उभी करा. वेगवेगळ्या दिवशीचे आकडे मिळवलेत, तर तेच पक्षी दोनदा मोजले जातील.

खाडीकाठ:
आणि दोन जाती वेगळ्या नोंदवा. मोठ्या फ्लेमिंगोची चोच गुलाबी, टोक काळे. लहानाची चोच गडद, दुरून काळीच वाटते. करड्या रंगाची अल्पवयीन पिल्ले ओळखता येत नसतील, तर ती ‘अनिश्चित’ या रकान्यात जाऊ द्या, अंदाजाने वाटून टाकू नका.

ऐरोलीकर:
आभार. जुन्या नोंदींत तारीख-वेळ आहे, पाण्याची अवस्था नाही. त्या टाकून द्याव्यात का?

खाडीकाठ:
मुळीच नाही. भरतीच्या कोष्टकावरून प्रत्येक नोंदीपुढे अवस्था लिहा, आणि तुलना फक्त सारख्या अवस्थेतील रविवारांची करा.