लळितातील गणपतीच्या जुन्या मुखवट्याची प्रतिकृती कशी करावी?

प्रश्न : नाट्यमंडळ, वडोदरा
येथील एका मराठी घराण्याने लळितात, म्हणजे उत्सवाच्या अखेरीस सोंगे आणून होणाऱ्या पारंपरिक नाट्यात, वापरलेला गणपतीचा मुखवटा आमच्या मंडळाकडे सोपवला आहे. तो कागदाच्या लगद्याचा असून वर खडूचा लेप आणि सरसात कालवलेला शेंदरी रंग आहे. सोंडेच्या मुळाशी पाहण्यासाठी दोन बारीक भोके आहेत, तर आत कपाळाशी घामाने काळवंडलेली कापडी पट्टी अजून शाबूत आहे. नटाने मूळ मुखवटा घालू नये यावर आमचे एकमत आहे. त्यावर थेट प्लास्टर किंवा सिलिकॉन लावून साचा काढता येईल का?

उत्तर : मूर्तिकार
कृपया तसे करू नका. प्लास्टरमधील पाणी लगदा शोषून घेईल, सरस विरघळून रंग साच्याला चिकटेल, आणि आळताना प्लास्टर तापते ते वेगळेच. सिलिकॉनमध्ये पाणी नसले तरी त्यातील तेल सच्छिद्र लेपात मुरते व तो डाग सहसा जात नाही. शिवाय साचा सोडवताना सुटत आलेले पोपडे त्याच्याबरोबर निघून येतात. सोंड आणि कान यांच्यामागे साचा अडकण्याचा धोका तर फारच मोठा आहे. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे : शेंदूर हे शिशाचे संयुग आहे आणि जुन्या रंगकामात पिवळ्यासाठी हरताळ, म्हणजे आर्सेनिकचे संयुग, वापरत असत, म्हणून मुखवटा घासू नका आणि हाताळताना हातमोजे घाला.

उत्तर : नेपथ्यकार
मूळ वस्तूला साच्याचा स्पर्शही न होऊ देता काम होते. मुखवटा मऊ गादीवर स्थिर ठेवून सावलीतल्या सौम्य उजेडात सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक छायाचित्रात आधीच्या छायाचित्राचा निम्म्याहून बराच अधिक भाग यावा आणि शेजारी मोजपट्टी असावी. त्यावरून संगणकावर त्रिमितीय आकृती तयार होते. ती त्रिमितीय छपाईयंत्रावर (थ्रीडी प्रिंटरवर) छापून घ्यावी आणि साचा त्या छापील प्रतीवरून काढावा. अशा छपाईत वापरले जाणारे पीएलए प्लास्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, त्यामुळे ही प्रत वडोदऱ्याच्या उन्हात बंद गाडीत ठेवू नये. आतली बाजूही तितक्याच काळजीने टिपा. भोकांमधील अंतर आणि पट्टीची जागा यांवरूनच नट मान किती झुकवत असे हे कळते, आणि माझ्या मते प्रतिकृतीचा खरा कस तिथे लागतो.

प्रश्नकर्ते
मनःपूर्वक आभार. छायाचित्रणाचाच मार्ग आम्ही घेऊ. प्रतिकृती लगद्याचीच करावी का?

उत्तर : मूर्तिकार
निव्वळ लगदा वाळताना आकसतो आणि वाकतोही. साच्यात कागदाच्या पट्ट्या चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवल्यास आकार अधिक नेमका राहतो व मुखवटा हलका होतो, जे उभ्याने दीर्घकाळ गाणाऱ्या नटासाठी आवश्यक आहे. पुस्तक बांधणारे कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचे संयुग, घालतात, परंतु ते विषारी असल्याने श्वासाशी येणाऱ्या मुखवट्यात घालू नये. आतून धुतलेले सुती कापड लावा, शेंदराऐवजी शिसेविरहित रंग वापरा आणि कपाळाच्या आतल्या बाजूस ‘प्रतिकृती’ हा शब्द व वर्ष पक्क्या शाईने लिहा, म्हणजे पुढे कोणाच्या हाती दोन्ही मुखवटे पडले तरी घोटाळा होणार नाही.