खोली नंबरवाली पलटण: रंग काढू की राहू देऊ?

तीन_मजली:
मंडळी, प्रश्न रंग काढण्याचा आहे. पण आधी थोडं पाल्हाळ लावतो, नाहीतर "डेटॉलमध्ये टाक" एवढंच उत्तर येईल.

माझ्याकडे वॉरहॅमर ४०,००० मधली, म्हणजे टेबलावर प्लास्टिकचे छोटे शिपाई रंगवून मांडायच्या युद्धखेळातली, इम्पीरियल गार्डची पलटण आहे. (२०१४ पासून कंपनी तिला ॲस्ट्रा मिलिटारम म्हणते, मी म्हणत नाही.) आज ४२ शिपाई आहेत, सुरुवात २०११ ची. मित्र सांगत होता, स्पेस मरीन घे, रंगवायला कमी आणि मारतात जास्त. पण ते सातआठ फुटी चिलखतवाले बघून मला काहीच वाटेना. गार्डमन म्हणजे साधा माणूस. बंदूक अशी की खेळणारे तिला टॉर्च म्हणून चिडवतात, आणि एकेका फेरीत पंधरा-वीस उचलून टेबलाच्या कडेला ठेवावे लागतात. म्हटलं, हे आपले.

त्याच सुमारास आमची लालबागची चाळ रिकामी होत होती. बाबा १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत, पुढे दुकानांच्या पाट्या रंगवून घर चालवलं. एका रविवारी शिपाई खिडकीत वाळत ठेवले होते. बाबांनी एक उलटा केला आणि त्या २५ मिलिमीटरच्या तळाखाली बारीक मार्करने लिहिलं, "खो. नं. १४". म्हणाले, "नळावर असाच वाकून उभा राहायचा." मग थांबेचनात. पाठीवर वायरलेसवाला खो. नं. ३, कारण अख्ख्या चाळीत फोन त्यांच्याकडेच. मोर्टारवरचे दोघे १९ आणि २१, कॅरमची जोडी. मेडिक म्हणजे अर्थातच कंपाउंडर काका. आणि कमिसार, जो पळून जाणाऱ्या आपल्याच शिपायाला गोळी घालतो, तो भाडं वसुलीला येणारा मेहताजी. (हा कमिसार मी साध्या शिपायाला एम-सीलची उंच टोपी करून बनवलाय, तीही तिरकी बसली.) असे वीस झाले. नंतरचे बावीस बिननावाचेच.

अडचण अशी की नेमके हेच वीस सगळ्यात वाईट रंगलेत. जुलैत गच्चीवर स्प्रे प्राइमर (रंगाखालचं अस्तर) मारला, दमट हवेत तो पीठ भुरभुरावं तसा बसला. त्यावर कॅमलचं ॲक्रिलिक पातळ न करता थापलं. नाकडोळे पार बुजले. भाचा म्हणतो, "मामा, हे चक्कीतून आलेत का?" सगळं धुवावं तर खालची अक्षरंही जाणार. बाबा आता ७९ वर्षांचे, म्हणतात, "धू खुशाल, परत लिहितो." पण हात थरथरतो त्यांचा. काय करू?

फुसकी_तोफ:
भाऊ, तळ वेगळा असतो की! पायापाशी पातळ ब्लेड घाल, शिपाई सोडव, नुसता शिपाई डेटॉलमध्ये. एक दिवस ठेव आणि जुन्या टूथब्रशने घास. आधी डेटॉलमध्येच खंगाळायचं बरं का. लगेच नळाखाली धरलास तर सुटलेल्या रंगाचा चिकटा होतो, मग बस घासत. आणि घाईत वहिनींचं नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नकोस, ॲसिटोनमध्ये प्लास्टिकच विरघळतं.

तीन_मजली:
प्लास्टिक सिमेंटने चिकटवलेत रे. ते दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. तुझं वाचून एकावर ब्लेड चालवलं, घोटे तळावरच राहिले. कॅरमवाला गेला, खो. नं. १९.

रांगोळी_बेस:
अहो थांबा, कापाकापी कशाला? शिपाई उलटा टांगा. काचेच्या पेल्यावर आइस्क्रीमच्या दोन काड्या आडव्या ठेवायच्या, तळ त्यांवर अडकतो आणि शिपाई खाली डोकं वर पाय. डेटॉल घोट्यापर्यंतच भरा. अक्षरं कोरडी राहतील.

पण मी असते तर धुतले नसते. दिवाळीच्या किल्ल्यावर आमच्याकडे हात तुटलेला एक मातीचा मावळा होता. दरवर्षी नवे आणायचो तरी तो निघायचाच, बुरुजाआड उभा करायचो. महाराज तर कायम महादरवाज्यापेक्षा उंच, कुणी हरकत घेतली नाही. आज पलटणीचे तळ करताना फेव्हिकॉलवर रांगोळी भुरभुरते तेव्हा मला किल्ल्यावर अळीव पेरल्याचीच आठवण येते. नवरा म्हणतो, चाळिशीत किल्ला करतेस. करते.

नियमावली_काका:
भावना ठीक आहेत. नियमांत रंगवलेल्या पलटणीला १० गुण मिळतात, डोळे दिसलेच पाहिजेत असं कुठेही म्हटलेलं नाही. समोरच्याला हातातलं शस्त्र ओळखू आलं की झालं.

तीन_मजली:
रांगोळीताई, तुमची युक्ती चालली. आधी मेहताजीला टांगला, म्हटलं बिघडला तर दुःख नाही. दोन दिवस घरात बाळंतिणीच्या खोलीसारखा वास. अक्षरं शाबूत. रंग निघाल्यावर खाली काय चेहरा निघाला! गालाचं हाडसुद्धा दिसतं. पातळ रंगाचे दोन हात दिले, खाचांत उतरणारा पातळ गडद रंग, म्हणजे वॉश, मारला, बुबुळंही काढली. माझ्या हातून झालेलं आजवरचं सगळ्यात चांगलं काम.

बाबांना दाखवला. चष्मा लावून आधी उलटा करून वाचलं, मग सरळ धरून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "हा मेहताजी नव्हे."
म्हटलं, "का?"
"त्याचं तोंड एवढं स्पष्ट कुणी पाहिलं होतं? तो जिना चढायला लागला की आम्ही दार लोटून घ्यायचो."

तेव्हा बाकीचे तसेच राहू देतोय. फक्त १९ नंबरला पायांवर उभा करायचाय. तो नाही तर २१ एकटाच मोर्टारवर बसलाय. तुटलेल्या जागी कडेला जुना रंग आहे. फेव्हिक्विक चालेल की सिमेंटच लागेल?

फुसकी_तोफ:
रंगावर सिमेंट धरत नाही. फेव्हिक्विक. एकच थेंब, टाचणीच्या टोकाने. आणि सॉरी यार.