मदत हवी आहे: वायफायची सिक्युरिटी बदलली, प्रिंटर बंद, उद्या सकाळी कागद हवेत

नेटत्रस्त: मंडळी जरा लवकर सांगा. शेजारपाजारचं कुणीतरी आमचं नेट वापरतंय म्हणून काल राउटरमध्ये जाऊन सिक्युरिटी बदलली, तेव्हापासून माझा मोबाईल चालतोय पण प्रिंटर काही केल्या जोडला जात नाहीये आणि आईचा फोनही नाही, पासवर्ड दहा वेळा तपासला. उद्या मुलीच्या ॲडमिशनचे कागद प्रिंट करायचेत. कुठलं सेटिंग ठेवू?

सह्याद्री_७७: बदलली म्हणजे काय केली? प्रिंटर किती जुना?

नेटत्रस्त: डब्ल्यूपीए३ केली, सगळ्यात वरची. प्रिंटर २०१४ चा.

सह्याद्री_७७: मग बरोबर आहे, डब्ल्यूपीए३ आलंच २०१८ ला, त्या प्रिंटरला ते कुठून कळणार. डब्ल्यूपीए२ पर्सनल ठेवा आणि खाली एन्क्रिप्शनमध्ये (डेटा गुप्त करायची पद्धत) एईएस. टीकेआयपी घेऊ नका, जुनं आणि कच्चं आहे, वर वेगही ५४ एमबीपीएसवर अडकतो.

गच्चीवाला: यापेक्षा मॅक फिल्टर (ठरलेल्या उपकरणांनाच आत घेणारी यादी) लावा आणि नेटवर्कचं नाव लपवा. आमच्याकडे पाच वर्षं तसंच आहे, कुणाची हिंमत नाही.

सह्याद्री_७७: दादा, मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाचा ओळखक्रमांक, हवेत उघडाच फिरतो, कॉपी करायला दोन मिनिटं पुरतात. उलट हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा मॅक देतात, घरचेच बाहेर राहतील.

गच्चीवाला: मला तरी कधी त्रास झाला नाही.

शाई_संपली: इंकजेट विका हो, महिनाभर वापरला नाही की शाई सुकते. लेझर घ्या.

नेटत्रस्त: प्रिंटर विकायचा नाहीये!! डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स केलं, आईचा फोन लागला, प्रिंटर अजून नाही.

मीनल_के: पीएमएफ (वायफायच्या नियंत्रण संदेशांचं संरक्षण) 'रिक्वायर्ड' असेल तर 'ऑप्शनल' करा. तरी नाही झालं तर २.४ गिगाहर्ट्झ बँडचं नाव वेगळं करून त्याला नुसतं डब्ल्यूपीए२-एईएस द्या. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) मात्र बंदच ठेवा, आठ आकडी पिन असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे ११,००० प्रयत्नांत सापडतो. आणि पासवर्ड काय ठेवलाय? म्हणजे इथे लिहू नका, कसा आहे ते सांगा.

नेटत्रस्त: पासवर्ड जुनाच आहे, माझा मोबाईल नंबर.

मीनल_के: अहो, तो तर अख्ख्या सोसायटीकडे असेल! तो आधी बदला. पंधरा-वीस अक्षरं, चार-पाच असंबद्ध शब्द जोडून.

नेटत्रस्त: बदलला. २.४ वेगळं केल्यावर प्रिंटरही लागला, पहिलं पान आत्ताच निघालं. राउटरच्या यादीत काल नऊ जण होते, आता घरचे पाचच दिसतायत. खूप आभार.

शाई_संपली: काळी शाई किती टक्के दाखवतेय?