शाळेतलं मंत्रिमंडळ: तुमच्याकडे कसं होतं?

सुरंगी
काल भाचीने बोटावरची शाई दाखवायला व्हिडिओ कॉल केला. तिच्या शाळेत मंत्रिमंडळाची निवडणूक झाली, मोबाईलवर ॲप, बटण दाबलं की खऱ्या मशीनसारखा पीं आवाज, बाहेर पाचवीतली पोरं पोलीस बनून उभी. ते बघून मला आमचं गुहागर तालुक्यातलं हायस्कूलच आठवत राहिलं. आमच्या वेळी वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या आणि खडूचा रिकामा खोका. मुख्यमंत्री, शिस्तमंत्री, क्रीडामंत्री, स्वच्छतामंत्री, सहलमंत्री आणि मी पाणीमंत्री. शाळा भरायच्या आधी विहिरीवर जायचं, रहाटाने पाणी काढायचं, फडक्यातून गाळून पिंपं भरायची. एप्रिलात विहीर तळाला गेली की कुठल्या वर्गाने कधी प्यायचं ती पाळी मी लावायचे, आणि दहावीतली दांडगी मुलंसुद्धा ती पाळायची. हेडसरांनी त्यात एकदाही लक्ष घातलं नाही, पाणीमंत्र्याला विचारा म्हणायचे. इतक्या विश्वासाने सोपवलेलं काम मला पुढे नोकरीतही फार कमी वेळा मिळालं. तुमच्याकडे काय होतं? लिहा, सविस्तर लिहा.

खाडीपलीकडचा
आमचा सगळा प्रश्न तरीचा, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीचा. शाळा साडेदहाची, उशीर झाला की मैदानात उभं. आता ओहोटीला होडी गाळात रुतली तर पोरांनी करायचं काय, आमच्या काठाला धक्का नव्हता, चपला हातात घेऊन गुडघाभर चिखलातून यायचं. शिस्तमंत्री आमच्याच बाजूचा निवडून आला. त्याच्या आजोबांचं गणित, तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. म्हणजे षष्ठीला साडेचार, त्याच्या सहा तास आधी ओहोटी, सव्वादहा साडेदहा, बरोब्बर शाळेच्या वेळेला. त्याने कॅलेंडरवर दोन्ही पक्षातल्या पंचमी षष्ठी सप्तमीला लाल खुणा केल्या आणि हेडसरांपुढे ठेवलं. सरांनी आधी फळ्यावर सगळं करून बघितलं, मग सही केली. त्या दिवशी तरीच्या मुलांना उशिराचा शेरा नाही, अशी नोटीसच लागली. अर्ज करून नियम बदलता येतो हे मी तिथे शिकलो, आज ग्रामपंचायतीत बसतो तेव्हा ते कामाला येतं.

बांगडो
आमच्या वर्गात एकान प्रचाराचा भाषाण गाऱ्हाण्यात केल्यान. बा देवा म्हाराजा, शाळेचो नळ तुटलो हा तो दुरुस्त होवांदे. सगळो वर्ग: व्हय म्हाराजा! मधल्या सुट्येत चेंडू चेडवांकय गावांदे. व्हय म्हाराजा!! सरय दारात उभे रवान व्हय म्हाराजा म्हणाक लागले. निवडान इलो आणि नळ दुरुस्त करून घेतल्यान पण.

सुरंगी
हाहा बांगडो, हे आत्ताच भाचीला फॉरवर्ड केलं.

जुन्या बाई
मी नागरिकशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त. १९८९ साली ६१ वी घटनादुरुस्ती होऊन मतदानाचं वय २१ वरून १८ झालं तेव्हा दहावीची मुलं म्हणाली, बाई म्हणजे आम्ही तीन वर्षांत मत देणार! त्या दिवसापासून तो धडा कोणी पाठ केला नाही, सगळे वाद घालत शिकले. आणि आमचा तेव्हाचा राजापूर लोकसभा मतदारसंघ, आधी खासदार नाथ पैंचा, मग मधु दंडवत्यांचा. पोरांच्या आजोबांनी नाथ पैंची भाषणं समोर बसून ऐकलेली, नीट बोलण्याची किंमत घराघरात होती. म्हणून मी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रश्नोत्तराचा तास ठेवला, मंत्र्यांनी उभं राहून सगळ्या शाळेला उत्तरं द्यायची. सहावीतली एक एवढीशी मुलगी उठली, क्रीडामंत्र्याला म्हणाली, आमचं लंगडीचं मैदान कबड्डीवाल्यांनी कोणाला विचारून घेतलं? त्याला उत्तर देता येईना. सोमवारी फक्की मारून मैदान परत आखून दिलं त्याने, स्वतः. मला फार अभिमान आहे दोघांचा.

अबोली
वाचून बरं वाटतंय पण माझा अनुभव वेगळा. शाळेचं नाव घेत नाही. मुलींनी मुख्यमंत्रीपदाला उभं राहू नये असा नियम नव्हता, फक्त अर्ज घेतलाच जायचा नाही. तू सांस्कृतिक घे, तुझं अक्षर चांगलंय. मग रांगोळी काढा, पाहुण्यांना गुलाब द्या, फलक लिहा. वर्गात सगळ्यात जास्त मतं मला पडली असती हे सगळ्यांना माहीत होतं. अजून राग येतो. माझी मुलगी यंदा मुख्यमंत्रीपदाला उभी राहिली, पडली, पण उभी राहिली. घरी येऊन म्हणाली पुढच्या वर्षी परत.

जुन्या बाई
अबोली, लेकीला माझा आशीर्वाद सांग. राग येणं बरोबर आहे तुझं.

खाडीपलीकडचा
+१

माहेरवाशीण
सुरंगीताई गुहागर म्हणजे कुठे? माझं माहेर वेळणेश्वर!! विहीर, रहाट, सगळं डोळ्यापुढे आलं. अबोली, गुलाब तरी होते, आमच्याकडे पाहुण्यांना जास्वंद आणि श्रीफळ. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

सुरंगी
अगं हेदवीच्या अलीकडे! व्यनि (खाजगी निरोप) कर.

गडी क्रमांक सात
मंत्रिमंडळ आठवत नाही पण गट आठवतात, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग. मी सुवर्णदुर्ग. पंधरा ऑगस्टला धो धो पावसात प्रभातफेरी, कागदी झेंडा दप्तराच्या प्लास्टिकखाली धरलेला, पांढऱ्या गणवेशाला तांबडी माती, आणि चारही गट एकमेकांपेक्षा मोठ्याने घोषणा देणार. लेझीमला आमचा गट कायम पहिला, हे मुद्दाम लिहितोय, विजयदुर्गवाल्यांनी वाचावं.

चिरेबंदी
विजयदुर्ग हजर आहे. कबड्डी कोण जिंकायचं तेही लिही की :)

हर्णैकर
सगळं वाचलं. आमच्याकडचं अलीकडचं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात शाळेच्या दोन वर्गांचं छप्पर गेलं. लाईट नाही, रेंज नाही, लॉकडाऊन, त्यात पाऊस तोंडावर. दापोलीत रेंज आल्या आल्या पहिला मेसेज टाकला तो आमच्या बॅचच्या स्वच्छतामंत्रिणीने, मुंबईहून. शाळेत असताना कोणी कुठला वर्ग झाडायचा त्याची यादी करायची ना, तशीच यादी केली, कोण पत्र्यांचे पैसे देणार, कोण सुतार बघणार, कोण भिजलेली कपाटं उन्हात टाकणार. एकानेही नाही म्हटलं नाही. आम्ही पन्नाशीला आलोय, अजून तिचं ऐकतो.

माहेरवाशीण
वाचून अंगावर काटा आला. कुकर झाला. हर्णैकर, आमच्या शाळेचं छप्परही गळतंय, माजी विद्यार्थी खूप आहेत पण सगळे विखुरलेत. पैसे कोणाच्या खात्यात घेतलेत?

हर्णैकर
कोणाच्या वैयक्तिक खात्यात नाही, थेट शाळेच्या खात्यात भरायला सांगितलं, पावत्या घेतल्या आणि प्रत्येक पावती ग्रुपवर टाकली. पत्र्यांचं काम मेच्या आत उरकून घ्या, जूनमध्ये सुतार मिळत नाही. जुन्या हजेरीपटावरून नावं काढा, क्लार्क मदत करतात. नंबर व्यनि करतो.